पटांगणाखालची माती, पटांगणावरचे पाणी

आमच्या विद्यालयाच्या पटांगणाचा विसर जुन्या विद्यार्थ्यांना पडणे अवघड आहे. मे महिन्यात त्याच्या भेगांत गोट्या हरवत आणि जुलै महिन्यात त्याच्या चिखलात चपला. सकाळच्या परिपाठाला रांगेत उभे राहताना ज्याचा पाय रुतला नाही असा एकही विद्यार्थी या वसतिगृहातून बाहेर पडला नसावा. त्या आठवणी आज हसत सांगितल्या जातात. परंतु काही वर्षांपूर्वी पाचवीतील एक मुलगा भोजनगृहातून ताट घेऊन येताना याच चिखलात घसरला आणि त्याचे मनगट मोडले. त्याच पावसाळ्यात मुलींच्या वसतिगृहाच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग बोट आत जाईल इतकी रुंदावली. पटांगणाचे काहीतरी करावयास हवे, यावर मग दुमत उरले नाही. काय करावे, यावर मात्र पुष्कळ होते.

वर्धापनानिमित्त माजी विद्यार्थ्यांकडून निधी जमू लागला तेव्हा सर्वांत सोपा प्रस्ताव आला तो संपूर्ण पटांगण काँक्रीटने झाकून टाकण्याचा. याच शाळेतून शिकून बांधकामाच्या व्यवसायात गेलेल्या आम्हा काही जणांकडे त्याचा अंदाज काढण्याचे काम सोपविण्यात आले. आम्ही अंदाज काढला, पण प्रस्तावाला विरोधही केला. ज्या शाळेत एप्रिल उजाडताच पाण्याचे टँकर मोजावे लागतात तिने आपल्या अंगणात पडणारा पाऊस सिमेंटवरून नालीत सोडून द्यावा, हे आम्हांला पटेना. शिवाय इथल्या मातीवर काँक्रीट टिकेल, याचीही खात्री नव्हती. त्या वादातून जे काम उभे राहिले त्यामागचे शास्त्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आपापल्या गावी घर, समाजमंदिर वा शाळा बांधणाऱ्यांना त्यातून काही उपयोग झाला तर आनंदच आहे.

प्रथम माती. नागपूरच्या पश्चिमेला आणि पुढे वऱ्हाड-मराठवाड्यात पसरलेली काळी कापसाची जमीन ही बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरून दख्खनचे पठार घडले आणि त्या खडकाच्या विघटनातून जी चिकणमाती निर्माण झाली तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज मोठ्या प्रमाणात असते. या खनिजाचे कण पोथीच्या पानांप्रमाणे एकावर एक रचलेले असतात. एकेक पान साधारण एका नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या जाडीचे. पानांमधील बंध दुबळे असल्यामुळे पाणी त्यांच्यामध्ये शिरते, पाने एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेले की पाने जवळ येतात, माती आकसते आणि जमिनीला भेगा पडतात. कपाशीला हीच माती मानवते, कारण ती ओल धरून ठेवते. घराला ती मानवत नाही, आणि कारण तेच!

ही गोष्ट पाहण्यासाठी फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. भारतीय मानक २७२० च्या चाळिसाव्या भागात दिलेली मुक्त फुगवटा चाचणी आमच्या विज्ञानकक्षातही करता आली. भट्टीत वाळवून बारीक चाळणीने चाळलेली माती प्रत्येकी १० ग्रॅम घ्यावयाची आणि १०० मिलिलिटरच्या दोन मापनपात्रांत टाकावयाची. एका पात्रात शुद्ध पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलच्या रेणूंना या पानांमध्ये शिरण्याचे आकर्षण नसते, म्हणून त्यात माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्ही पात्रांतील मातीची पातळी वाचावयाची. समजा, रॉकेलमध्ये ती १० मिलिलिटरवर आणि पाण्यात १९ मिलिलिटरवर स्थिरावली, तर फुगवटा ९० टक्के झाला. पन्नास टक्क्यांच्या पुढे आकडा गेला की बांधकाम करणाराने सावध व्हावे. नववीच्या मुलांनी हा प्रयोग केला तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी पात्रांभोवती जमलेली गर्दी पाहून आम्हांस वाटले की आपल्या पायाखालच्या मातीविषयी आपण यांना आजवर काहीच कसे सांगितले नाही.

फुगणाऱ्या मातीचा जोर लहान नसतो. एकमजली इमारतीच्या वजनापेक्षा तो अधिक भरू शकतो, म्हणूनच दोन-तीन मजली इमारतीपेक्षा हलके घर आणि त्याहून हलकी फरसबंदी या मातीवर लवकर तडकते. इमारतीच्या बाहेरच्या कडेची माती पावसाळ्यात आधी भिजते आणि उन्हाळ्यात आधी वाळते. मध्यभागातील माती तुलनेने स्थिर राहते. कडा वर-खाली होतात, मध्य जागच्या जागी राहतो, आणि भिंत जिथे कमजोर असते तिथे, बहुधा खिडकीच्या कोपऱ्यात, तिरकी फाटते. मुलींच्या वसतिगृहाच्या भेगेचे कारण हेच होते. त्या भिंतीलगत असलेल्या न्हाणीचे सांडपाणी वर्षानुवर्षे पायाशी मुरत होते आणि दुसऱ्या टोकाला एक मोठे झाड ओल शोषून घेत होते. झाड तोडण्याचा विचार आम्ही केला नाही. सांडपाण्याची वाट मात्र तत्काळ बदलली.

आता या मातीचे करावयाचे काय? एक मार्ग सर्वांना ठाऊक आहे: काळी माती खोदून काढावी आणि मुरूम भरावा. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी सत्तरच्या दशकात या पद्धतीला शास्त्रीय पाया दिला. चिकटपणा असलेली पण न फुगणारी माती सुमारे एक मीटर जाडीने काळ्या मातीवर दाबून बसविली तर खालच्या मातीची हालचाल पुष्कळ रोखली जाते, असे त्यांच्या संशोधनातून दिसून आले. कालव्यांच्या कामांत त्याचा उपयोगही झाला. आमच्याकडे मात्र हा मार्ग अडचणीचा होता. हजार चौरस मीटर पटांगणाची एक मीटर माती म्हणजे हजार घनमीटर. पाच घनमीटरच्या टिप्परने ती बाहेर नेण्यास दोनशे खेपा आणि तितकाच मुरूम आणण्यास आणखी दोनशे. त्या मुरुमासाठी कुठलीतरी टेकडी पोखरली जाणार, हेही ओघानेच आले.

दुसरा मार्ग मातीलाच सुधारण्याचा, म्हणजे चुन्याने स्थिर करण्याचा. चुन्याचे काम दोन टप्प्यांत होते. चुना ओल्या मातीत मिसळला की त्यातील कॅल्शियम मातीच्या पानांना चिकटलेल्या सोडियमसारख्या घटकांची जागा घेतो. पाने एकमेकांना जवळ ओढली जातात, चिकट माती काही तासांत भुसभुशीत, दाणेदार होते. टिकावाला चिकटणारा गोळा हातात चुरला जाऊ लागतो, हा बदल डोळ्यांनी पाहता येतो. दुसरा टप्पा संथ आहे. चुन्याच्या तीव्र अल्कधर्मी वातावरणात मातीतील सिलिका आणि ॲल्युमिना विरघळू लागतात आणि चुन्याशी संयोग पावून सिमेंटसारखेच बंध तयार करतात. ही क्रिया आठवडे, महिने चालू राहते. भिजलेल्या काळ्या मातीची रस्त्याच्या हिशेबातली ताकद, ज्याला सीबीआर म्हणतात, बहुधा दोन-तीन टक्क्यांच्या पुढे जात नाही. नीट चुना दिलेल्या आणि दाबलेल्या मातीत ती कित्येक पटींनी वाढते.

चुना किती घालावा, याचा निर्णय अंदाजाने करू नये. मातीचे २० ग्रॅमचे काही नमुने घेऊन त्यांत दोन, तीन, चार, पाच, सहा टक्के असा वाढता चुना घालावा, प्रत्येकात १०० मिलिलिटर शुद्ध पाणी टाकून तासभर अधूनमधून हलवावे आणि सामू मोजावा. ज्या कमीत कमी प्रमाणाला सामू १२.४ पर्यंत पोहोचतो ते प्रमाण पहिला अंदाज म्हणून धरावे. ईड्स आणि ग्रिम या संशोधकांनी १९६६ मध्ये सुचविलेली ही रीत आजही उपयोगी पडते. आमच्या मातीला पाच टक्क्यांच्या आसपास चुना लागला. मातीत सल्फेटचे प्रमाण अधिक असेल तर मात्र चुना घातल्यावर ती उलट जास्त फुगू शकते. म्हणून ती तपासणी आधी करून घेणे आवश्यक आहे. ती न करता काम उरकणारे ठेकेदार आम्ही पाहिले आहेत.

प्रत्यक्ष कामाची पद्धत थोडी तपशिलाने सांगतो, कारण पुस्तकात वाचलेले आणि मैदानात केलेले यांत अंतर असते. चुना वणी-राजूरकडच्या भट्ट्यांचा, विरवलेला आणि पोत्यांत भरलेला आणला. माती दीडशे मिलिमीटर खोलीपर्यंत मोकळी करण्यासाठी शेजारच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर मागून घेतला. या कामाला इतके योग्य यंत्र दुसरे शोधूनही सापडले नसते. चुना सारखा पसरावा म्हणून पटांगणावर फक्कीने दीड मीटर लांबी-रुंदीचे चौकोन आखले. दीडशे मिलिमीटर खोलीच्या अशा एका चौकोनात सुमारे पाचशे किलो कोरडी माती येते. पाच टक्क्यांच्या हिशेबाने तिला २५ किलोचे एक पोते. प्रत्येक चौकोनात एक पोते फोडा, इतके सांगितले की मजुराला तराजू लागत नाही आणि मिस्त्रीला शंका राहत नाही. पसरल्यावर रोटाव्हेटरने मिसळले, पाणी शिंपडले आणि एक रात्र तसेच झाकून ठेवले. दुसऱ्या दिवशी ढेकळे फुटून माती रव्यासारखी झाली होती. पुन्हा एकदा मिसळून तिची रोलरने दबाई केली आणि पुढे सात दिवस तिला ओली ठेवली.

आमची चूकही नोंदवून ठेवली पाहिजे. पहिल्या खेपेची काही पोती आम्ही फाटक्या ताडपत्रीखाली उघड्यावर ठेवली. अवकाळी पाऊस आला आणि शिवाय हवेतील कार्बन वायू चुन्यात शिरून त्याचा पुन्हा चुनखडा होऊ लागला. असा चुना मातीत घालणे म्हणजे खडूची भुकटी घालण्यासारखे. ती पोती बाजूला काढावी लागली आणि त्यांचा उपयोग शेवटी झाडांच्या बुंध्यांना रंग देण्यापुरता झाला. दुसरे म्हणजे, वाऱ्याच्या दिवशी चुना पसरू नये. तो डोळ्यांत गेला तर इजा गंभीर असते. मजुरांना हातमोजे, चष्मे आणि बूट दिल्याशिवाय काम सुरू करू नये, आणि मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये. सुटीत काम करण्याचा आग्रह आम्ही धरला तो यासाठीच.

जमीन स्थिर झाली. आता तिच्यावरचे पाणी. या प्रश्नाला फार जुना इतिहास आहे आणि आमच्या वाचकांना तो आपला वाटेल. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात विहाराच्या परिवेणाविषयी एक साधा व्यावहारिक प्रसंग येतो. परिवेणात चिखल होतो. तेव्हा तथागत भिक्खूंना मरुंब, म्हणजे बारीक खडे, पसरण्याची अनुमती देतात. तेवढ्याने भागत नाही, म्हणून पदरसिला, म्हणजे सपाट दगडी फरशा, बसविण्याची अनुमती मिळते. फरशांवर पाणी साचून राहते. मग पाणी वाहून नेणारी नाली करण्याची. आधी खडे, मग फरशी, मग निचरा! आमच्या शाळेच्या बांधकाम समितीच्या इतिवृत्तातही विषयांचा क्रम जवळजवळ हाच आहे. कान्हेरीच्या लेण्यांत डोंगरउतारावर कोरलेल्या पन्हाळ्या आणि लेण्यालेण्यापाशी खोदलेल्या पोढी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना आणखी एक गोष्ट ध्यानात येईल: तिथे पाणी बाहेर घालवलेले नाही, वाट दाखवून साठवलेले आहे.

पाणी झिरपू देणाऱ्या फरसबंदीचे तत्त्व असे की पृष्ठभागावर पडलेला पाऊस वाहून जाण्याऐवजी फरशांच्या सांध्यांतून खाली उतरावा, खालच्या गिट्टीच्या थरात थांबावा आणि तिथून सावकाश पुढे जावा. सर्वांत वर ८० मिलिमीटर जाडीचे ठोकळे. त्यांच्या रुंद सांध्यांत दोन ते सहा मिलिमीटरची धुतलेली बारीक गिट्टी. ठोकळ्यांखाली त्याच गिट्टीचा ५० मिलिमीटरचा बिछाना. त्याखाली २० मिलिमीटरची गिट्टी. आणि तळाशी ४० ते ६० मिलिमीटरच्या गिट्टीचा जाड थर, जो पाण्याचे कोठार असतो. या सर्व गिट्टीत चुरी किंवा माती असता कामा नये. आपल्याकडच्या मिस्त्रींना ही अट सर्वांत जास्त खटकते. फरशीचा सांधा दिसला की त्यात वाळू किंवा सिमेंटचा रबडा ओतण्याची त्यांच्या हाताला सवय असते. कार्यालयापासून भोजनगृहापर्यंतची वाट पूर्वी एका ठेकेदाराने अशीच केली होती: काळ्या मातीवर थेट वाळू, वाळूवर ठोकळे आणि सांध्यांत सिमेंट. दोन पावसाळ्यांत ती वाट समुद्राच्या लाटांसारखी झाली.

इथे मात्र आमच्यापुढे खरा पेच उभा राहिला, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. झिरपणाऱ्या फरसबंदीची माहितीपत्रके सांगतात की पाणी जमिनीत जिरू द्या. पण आपली जमीन पाणी मिळताच फुगते! शिवाय एकदा फुगून तिच्या भेगा मिटल्या की ती पाणी आत घेतही नाही; गिट्टीच्या कोठारात ते दिवसेंदिवस साचून राहते आणि खालचा थर मऊ करते. म्हणजे वाळवंटी किंवा वालुकामय प्रदेशातील नकाशा जसाच्या तसा इथे उचलला तर जी माती स्थिर करण्यासाठी इतका खटाटोप केला तिलाच आपण पाणी पाजत बसणार. पुष्कळ ठिकाणी असे घडलेले असावे आणि मग दोष फरसबंदीच्या कल्पनेला दिला गेला असावा.

यातून मार्ग काढण्यासाठी थरांचे काम वाटून घ्यावे लागले. चुन्याने स्थिर केलेल्या थराचा माथा आम्ही हलका उतार देऊन गुळगुळीत दाबला आणि त्यावर जाड प्लास्टिकचे अस्तर अंथरले. त्यावर गिट्टीचे कोठार. कोठाराच्या तळाशी छिद्रे पाडलेले नळ टाकले. हे नळ पाणी गोळा करून इमारतींपासून दूर, पटांगणाच्या खालच्या अंगाला खोदलेल्या शोषखड्ड्याकडे नेतात. हा खड्डा काळी माती ओलांडून खालच्या मुरुमापर्यंत नेलेला आहे. आपल्याकडे काळ्या मातीचा थर संपला की झिजलेला मुरूम लागतो आणि विहिरींना पाणी येते ते बहुधा त्यातून व त्याखालच्या फुटक्या खडकातून. पाणी जिरवायचे ते तिथे. आणि इमारतींच्या जोत्यालगत दोन मीटरचा पट्टा आम्ही जाणूनबुजून पक्का, पाणी न झिरपणारा आणि बाहेरच्या बाजूला उतरता ठेवला. पाणी जिरविण्याच्या उत्साहात भिंतीच्या पायाशी खड्डे खोदणारे लोक आम्हांस भेटतात, म्हणून हे पुन्हा सांगावेसे वाटते.

कोठार केवढे असावे? मोठ्या गिट्टीच्या ढिगात सुमारे ३५ टक्के जागा मोकळी असते, असे धरले तर ३०० मिलिमीटरच्या थरात १०५ मिलिमीटर पाऊस मावतो. नागपूर शहरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरले, हे अनेकांनी अनुभवले आहे. तशा पावसाचाही मोठा भाग असे कोठार काही काळ पोटात ठेवू शकते. हजार चौरस मीटरवर पडलेला शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर; दहा हजार लिटरचे दहा टँकर. अर्थात हा हिशेब सपाट तळाचा आहे. शंभरास एक असा उतार आणि चाळीस मीटर लांबी धरली तर दोन टोकांत ४०० मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे थराच्या जाडीपेक्षाही अधिक. वरचे टोक कोरडे राहील आणि खालच्या टोकाला पाणी फरशीवर येईल. म्हणून आम्ही पटांगण आडव्या बांधांनी टप्प्याटप्प्यांत विभागले. शेतात बांध घालतात त्याचेच हे जमिनीखालचे रूप आहे. शेतकऱ्यांच्या मुलांना हे समजावून सांगण्यास वेळ लागला नाही; लेखापरीक्षकांना लागला.

या पाण्याविषयी एक पथ्य पाळावे. पटांगणावरून येणाऱ्या पाण्यात धूळ, पक्ष्यांची विष्ठा, वाहनांचे तेल असते. गिट्टीच्या थरांतून जाताना ते काहीसे गाळले जाते, तरी ते थेट कूपनलिकेत सोडू नये. कूपनलिकेत सोडावयाचेच असेल तर छतावरचे पाणी, पहिला पाऊस वगळून आणि गाळणीतून नेऊन सोडावे. पटांगणाचे पाणी शोषखड्ड्यापुरतेच ठेवलेले बरे.

पर्यावरणाचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण या शब्दाखाली पुष्कळ काही खपविले जाते. चुना निरागस नाही. चुनखडक भाजला की त्यातील कार्बन वायू बाहेर पडतो. एक टन विरवलेल्या चुन्यामागे केवळ दगडातूनच सुमारे ६०० किलो, आणि भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळा. हजार चौरस मीटरच्या एका थराला आमच्या प्रमाणाने सव्वाअकरा टन चुना लागतो. ठोकळ्यांतही सिमेंट असतेच. घनमीटरमागे साडेतीनशे किलो सिमेंट धरले तर ८० मिलिमीटरच्या ठोकळ्यांना अठ्ठावीस टन लागते आणि १५० मिलिमीटरच्या काँक्रीटला साडेबावन्न टन. म्हणजे बचत आहे, पण जाहिरातींत सांगतात तेवढी नाही. खरी बचत होते ती फरसबंदी कमी करण्याने. म्हणून परिपाठाची जागा, भोजनगृहाची वाट आणि वाहनांचा मार्ग एवढ्यावरच ठोकळे बसविले. उरलेल्या भागावर मुरूम आणि गवत ठेवले, झाडांच्या आळ्यांना मोकळी जागा सोडली. कबड्डीचे मैदान मातीचेच राहिले. त्याला हात लावू नका, असे मुलांनीच लेखी कळविले होते.

या फरसबंदीचा शत्रू एकच आहे, आणि तो म्हणजे आपलीच काळी माती. वाऱ्याबरोबर आलेली धूळ आणि पायांना लागलेला चिखल सांध्यांत बसत गेला की दोन-चार वर्षांत ती झिरपणे बंद करते. त्यासाठी तिच्याजवळ मातीचे ढीग टाकू नयेत, फुलझाडांचे वाफे तिच्यापेक्षा खालच्या पातळीवर ठेवावेत आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर कडक खराट्याने सांधे झाडावेत. जिथे सांधे बुजले असतील तिथली वरची गिट्टी उकरून धुतलेली नवी भरावी. वाळू कधीही भरू नये.

फरशी झिरपते की नाही, हे तपासण्याचे काम नववीच्या वर्गाकडे दिलेले आहे. ३०० मिलिमीटर व्यासाचे पत्र्याचे कडे घ्यावयाचे, त्याची कड ओल्या शाडूने फरशीला चिकटवावयाची, आधी थोडे पाणी ओतून सांधे भिजवावयाचे आणि मग १८ लिटर पाणी, कड्यात पातळी फार न वाढू देता, ओतत राहावयाचे. ओतण्यास सुरुवात केल्यापासून सर्व पाणी दिसेनासे होईपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजावयाचा. कड्याच्या क्षेत्रफळावर १८ लिटर म्हणजे सुमारे २५५ मिलिमीटर पाणी. ते तीन मिनिटांत गेले तर वेग तासाला पाच मीटरहून अधिक झाला. इतका पाऊस जगात कुठेच पडत नाही. परंतु हाच वेळ दर वर्षी वाढत चालला आहे का, हे पाहण्यासाठी नोंद हवी. परिपाठाच्या जागेवर पाच ठिकाणी पांढऱ्या रंगाने वर्तुळे आखून ठेवली आहेत. नोंदवही विज्ञानकक्षातील डावीकडच्या कपाटात आहे. भोजनगृहाच्या दारापाशी असलेल्या तिसऱ्या वर्तुळाचा वेळ गेल्या वर्षी इतरांच्या दुपटीहून अधिक भरला. ताटे विसळून झाल्यावर खरकटे पाणी तिथेच टाकले जाते, असे मुलांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले आहे. तेथील सांधे या दिवाळीच्या सुटीत उकरावयाचे आहेत. बारीक गिट्टीची बारा घमेली कोठीघरामागे धुऊन ठेवली आहेत.